अकोल्याला, यमूची भुलाबाई ऐकायला

अमरावतीच्या कँपातल्या सिस्टरांच्या शाळेत मागच्या व्हरांड्यात एक लांब बाक होता. दुपारच्या सुट्टीत यमू आणि मी त्यावर पाय हलवत बसायचो. ओच्यात चिंचा, मांडीवर पाट्या. आपल्या देशाचं आणि घरातल्या रीतीभातींचं वर्णन इंग्रजीत करायचं, असं सिस्टरांनी सांगितलं होतं. मी गंगा आणि हिमालय यांनी पाटी भरली. दोन्ही मी कधी पाहिली नव्हती. यमूने आमची भुलाबाई लिहिली. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातल्या मुली मातीची भुलाबाई आणि तिचा भुलोजी मांडतात, संध्याकाळी घरोघर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून आत कोणती खिरापत आहे ते ओळखतात. हे इंग्रजीत सांगायचं कसं? सिस्टरांचा नियम होता, एक वाक्य, एक श्वास. यमू तशीच उभी राहून म्हणाली, "आमच्या घरी एक लहान देवी येते. ती मातीची आहे. ती माहेरी आली आहे. एक डबा आहे. त्यात काय आहे ते कोणाला ठाऊक नाही."

सिस्टरांनी विचारलं, "मग काय असतं त्यात?"

"ते सांगायचं नसतं," यमू म्हणाली आणि खाली बसली.

पुढच्याच वर्षी तिचं लग्न अकोल्याच्या जुन्या शहरात, एका भिक्षुकाच्या घरी झालं. तिचं इंग्रजी तिथे संपलं. माझं पुढे चालू राहिलं.

यंदा दसरा झाल्यावर तिच्या सुनेचं, कुसुमचं, कार्ड आलं. "सासूबाईंना वायूचा झटका आला. उजवं अंग गेलं. मराठी पार गेली, बोलतात ते सगळं इंग्रजी. घरात म्हणतात, लहानपणी शाळेतच बाटल्या असतील, ते आता बाहेर पडलं. बाज ओसरीवर काढली आहे. शेवटी तोंडात गंगाजल आणि तुळशीपत्र घालायचं नाही असं ठरलं आहे. यांना जबलपूरहून रजा मिळत नाही. त्या काय म्हणतात ते तुम्हाला कळेल. याल का?"

मी त्याच दिवशी निघाले. नलिनीने, माझ्या सुनेने, दशम्या आणि जवसाची चटणी बांधून दिली. ज्यांना अमरावतीहून अकोल्याला जायचं असेल त्यांनी सकाळची बडनेऱ्याची गाडी धरावी. बडनेऱ्याला गाडी बदलावी लागते. लढाईमुळे गाड्या कमी झाल्या आहेत आणि ज्या आहेत त्यांत पलटणीचे लोक असतात, तेव्हा वळकटी शक्य तितकी लहान ठेवावी आणि बायकांचा डबा कुठे लागतो ते आधीच विचारून ठेवावं.

बडनेऱ्याच्या फलाटावर दोन पाणीवाले आपापल्या बादल्या घेऊन फिरत होते. एक 'हिंदू पाणी' ओरडत होता, दुसरा 'मुसलमान पाणी'. हे मी जन्मभर ऐकत आले आहे. त्या दिवशी मात्र हातातला पेला पुढे करायला मला वेळ लागला.

डब्यात समोर एक कुणबीण बसली होती, नांदगाव खंडेश्वरकडची, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली. तिच्या मांडीवर लुगड्यात बांधलेला लाडवांचा डबा होता.

"कोठी चालल्या बाई?"

"अकोल्याला. मैत्रीण आजारी आहे."

"लय आजारी?"

माझ्याने राहवलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकताना एकेक लाडू चाचपून पाहत होती.

"इंग्रजी बोलते म्हून वसरीत टाकली? आमच्या गावचा पटवारी दारू पेला का इंग्रजीच बोलते. त्याले तं समदे रामराम करते." मग डब्याची गाठ पुन्हा बांधत म्हणाली, "बाईमानूस पडली ना बाप्पा. मंग काही बी कारण पुरते."

मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबते. भजी गरम असतात, घेऊन ठेवावीत. तिथून पुढे दोन्ही अंगांना काळी जमीन, नुकती फुटू लागलेली बोंडं आणि वेचणीला वाकलेल्या बाया. एरवी हा रस्ता मला फार आवडतो. त्या दिवशी मी यमूचं तेरा वर्षांचं तोंड आठवायचा प्रयत्न करत होते आणि ते काही केल्या येत नव्हतं.

अकोल्याच्या स्टेशनावर टांगेवाले जुन्या शहरासाठी दुप्पट भाव सांगतात. हसून पुढे चालू लागलं की मागून हाक येते. "चला बाई, काय देता ते द्या. घोड्याले काय समजते भाव?" रस्ताभर कापसाच्या बैलबंड्या सरकी काढायच्या जिनाकडे चालल्या होत्या. बाभळींच्या काट्यांना कापूस अडकला होता. मोर्णा नदीला पाणी थोडंच होतं. पूल ओलांडला की किल्ल्याची भिंत दिसते आणि गल्ल्या इतक्या अरुंद होतात की टांगा सोडून चालावं लागतं.

ओसरीवर बाज होती आणि बाजेवर यमू. उशाशी वेगळा तांब्या आणि वेगळं फुलपात्र. घरातलं कोणी तिकडून जाताना अंग चोरून जात होतं. कुसुम तेवढी पायाशी बसून तिचे तळवे चोळत होती.

यमूची मोठी जाऊ, जिजी, दारातच उभी राहिली. वाळलेली, सत्तरीच्या जवळची, सोवळ्यातली. पुढे आली नाही.

"ऐका तुमीच," ती म्हणाली. "रातंदिवस तेच बोलून राहिली. मिशनवाल्यांची प्रार्थना आहे ती. भाऊजींनी सांगितलं, त्यांनी बाजारात ऐकली आहे."

हे भाऊजी म्हणजे जिजीचे दीर; जिजीचे आणि यमूचे यजमान गेल्यापासून घरातले कर्ते तेच. ते आतल्या खोलीत पोथी वाचत होते. मी तिथे होते तोवर ते एकदाही बाहेर आले नाहीत.

मी वाकले. "यमू, मी अंबू." तिची नजर छतावरून हलली नाही. मग काय सुचलं कोण जाणे, सिस्टर वर्गात येताना म्हणत तसं मी इंग्रजीत तिला 'गुड आफ्टरनून, यमुना' म्हणाले. डोळे माझ्याकडे वळले. डाव्या हाताने तिने पदर सारखा केला, उभं राहून धडा म्हणायचा असल्यासारखा. आणि बोलू लागली. जीभ जड होती, पण एक वाक्य, एक श्वास. आमच्या घरी एक लहान देवी येते. ती मातीची आहे. ती माहेरी आली आहे.

"काय म्हणते?" जिजीने विचारलं. "येशूचं नाव घेते ना? खरं सांगा, तुमाले तुमच्या देवाची आण."

"जिजी, ती भुलाबाई सांगते आहे."

"इंग्रजीत?"

"लहानपणी सिस्टरांना सांगितली होती. तेवढंच उरलं आहे तिच्यापाशी."

"असं कसं उरंल? इतकी वर्षं या घरात राहिली, या चुलीपाशी बसली. ते सगळं गेलं आन् मडमेचं राहिलं?"

शेजारच्या घरात मुलींची भुलाबाईची गाणी सुरू झाली. यमू मध्येच थांबली, ऐकू लागली आणि तिचा डावा हात बाजेवर काहीतरी शोधू लागला.

मी म्हणाले, "जिजी, एक डबा द्या. आत काहीही घाला, मला सांगू नका. तिला ओळखू दे."

जिजी आत गेली. ती परत आली ती स्वयंपाकघरातून नव्हे, परसातून. हातात पितळी डबा, झाकण घट्ट. तिने तो मला दिला नाही. दाराचा उंबरठा ओलांडून स्वतः बाजेशी आली आणि डबा यमूच्या डाव्या हातात ठेवला. डोळ्याची पापणी न हलवता ती यमूच्या बोटांकडे पाहत होती.

यमूने डबा हलवला. काहीच वाजलं नाही. पुन्हा हलवला. कानाशी नेला, नाकाशी नेला, छातीशी धरला.

ती एक शब्द बोलली. "खोबरं म्हणते," मी सांगितलं.

"नाई."

"साखर म्हणते."

"नाई."

"फुटाणे."

जिजीचं तोंड बदललं. "पहिल्या वर्षी याच क्रमानं विचारत होती," ती म्हणाली. "नवी नवरी. तिन्ही येळा हरली, आन् न्हाणीघरात जाऊन रडली. मीच खिरापत केली होती." मग खाली वाकून, लहान पोरीला चिडवावं तशी म्हणाली, "हरलीस का वं? म्हण हरले म्हणून."

मी इंग्रजीत विचारलं. यमू हसली, अर्ध्या तोंडाने, आणि एक शब्द बोलली.

"हरले म्हणते."

जिजीने झाकण काढलं. आत तुळशीचं एक पान होतं.

"बाटली असती तर डबा लोटून देईल, असं वाटलं होतं मले," ती हळूच म्हणाली. "हिनं तं छातीशी धरला." तिने ते पान यमूच्या जिभेवर ठेवलं आणि कुसुमला म्हणाली, "देवघरातून गंगेचा गडू आण. भाऊजींना विचारू नको."

इथेच थांबले तर वाचणाऱ्यांना बरं वाटेल. पण बाज आत गेली नाही. भाऊजींनी नाही म्हटलं आणि जिजीला त्यापुढे बोलता आलं नाही. यमू ओसरीवरच राहिली. मी येण्याआधीचे जे दिवस ती तिथे एकटी धडा म्हणत पडली होती, त्यांचं कोणी काही केलं नाही. करता येण्यासारखंही काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नवीन वाक्यं बोलू लागली. ही वाक्यं शाळेतल्या पहिल्या इयत्तेतली होती, वस्तू दाखवून म्हणायची. हा तांब्या आहे. हा कुसुमचा आहे. ही शाल आहे. ही शाल थोरल्या बाईंची आहे. मी सांगत गेले. जिजी जमिनीवर बसून ऐकत होती. "थोरली बाई म्हणजे मी का?" तिने दोनदा विचारलं. शेवटी यमूने पितळी डब्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. वाक्य पुरं झालं नाही.

दुपारी ती गेली. डोकं जिजीच्या मांडीवर होतं. शेजारणी अंगणात लांब उभ्या राहिल्या. आंघोळ कुसुम आणि जिजी या दोघींनीच घातली. मुलगा जबलपूरहून पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली. भजी घेतली नाहीत. जिजीने दिलेला पितळी डबा वळकटीत होता. अमरावतीला आले तेव्हा आमच्या गल्लीत मुली भुलाबाईची गाणी म्हणत होत्या आणि आमच्याकडे खिरापत मागायला आल्या. मी तो डबा दिला नाही, दुसरा दिला. त्यांना वाजणारा हवा असतो.

हा मजकूर छापून आल्यावर नलिनीने वाचावा म्हणून इथेच लिहून ठेवते. माझी इंग्रजी पुस्तकं कुसुमला पाठवावीत. तिला शिकायचं आहे असं तिने मला दारात सांगितलं. माझी नऊवारी लुगडी नांदगावकडची बाई पुन्हा कधी भेटली तर तिच्या लेकीला, नाहीतर तिच्यासारख्या कोणाला. देवघरातली लहान समई नलिनीची. पितळी डबा जिजीकडे परत जाईल. ती नसेल तर कुसुमकडे. आणि माझी मराठी माझ्याआधी गेली, तर मी काय बोलते याचा अर्थ कोणाला विचारत बसू नये. बाज माजघरातच ठेवावी. त्या डब्यात परसातलं एक पान घालून माझ्या हातात द्यावं. मी खोबरं म्हणेन, साखर म्हणेन. झाकण नलिनीने काढावं.