बॅगेत राहिलेली बाटली

अ‍ॅसिडचा थेंब पडला आणि केकचा चुरा गुलाबी झाला.

आलापल्लीचा आठवडी बाजार भरात होता. समोर पोत्यावर शेवंताबाई बसल्या होत्या. त्यांच्यापुढे केकची परात, भोवती तीस-चाळीस माणसं. माझ्या हातात चिनी मातीची पांढरी बशी होती. ती मी जरा वर धरली होती, सगळ्यांना दिसेल अशी. तशी धरायचं काही कारण नव्हतं.

"मेटॅनिल यलो," मी म्हणालो. मग लोकांना कळावं म्हणून मराठीत सांगितलं, "कापडाचा रंग."

"हळद हाय ते, भाऊ," शेवंताबाई म्हणाल्या.

मी ऐकलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि फॉर्म भरायला घेतला.

मी अन्न निरीक्षक होतो. दुकानांतून खाण्याच्या वस्तूंचे नमुने घ्यायचे, भेसळीचा संशय असेल तर लॅबला पाठवायचे, रिपोर्ट वाईट आला तर कोर्टात केस करायची, हे आमचं काम. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. गडचिरोली जिल्हा नुकताच चंद्रपूरपासून वेगळा झाला होता, पण आमचा कारभार चंद्रपूरहूनच चाले. आलापल्लीचा दौरा म्हणजे सागाच्या जंगलातून दिवसभराची जीप.

या दौऱ्याचं कारण एक निनावी पोस्टकार्ड होतं. बाजारात एक बाई घरी केलेले केक विकते, त्यात कापडाचा रंग टाकते, आश्रमशाळेची मुलं ते खातात, असा मजकूर. खाली सही नाही, पण बाईचं पूर्ण नाव, आडनावासकट.

आमच्या साहेबांनी कार्ड माझ्याकडे सरकवलं. "आडनाव पाहिलं का? तुमच्याच समाजाची बाई दिसते."

"हो, सर."

"दुसऱ्या कोणाला पाठवू का?"

"नको. मीच जातो."

"पाहा बुवा. उद्या कोणी म्हणायला नको की आपल्या माणसाला सोडलं."

साहेब वाईट नव्हते. ते हे चहा पिता पिता, सहज बोलले. पण मी ते वाक्य जीपमध्ये सोबत घेऊन बसलो. माझ्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा मी पाळण्यात होतो. घराण्यातला पहिला बी.एस्सी. मी. ऑफिसात माझ्या प्रत्येक कामाकडे दोनदा पाहिलं जातं असं मला वाटे. ते खरं होतं की माझ्या मनात होतं, हे आजही मला नक्की सांगता येणार नाही.

आलापल्लीला पोचल्यावर मी आधी गणपतभाऊंच्या बेकरीत गेलो. गावात केक विकणारे ते दुसरे. त्यांनी नुकताच नवा माल सुरू केला होता. नागपूरहून पुठ्ठ्याचे खोके येत. खोक्यात तयार पावडर असे. मैदा, साखर, दूध पावडर, सोडा, रंग, इसेन्स, सगळं आधीच मिसळलेलं. वरून अंडं आणि पाणी घालून फेटायचं, की झालं. इसेन्स म्हणजे फळाशिवाय फळाचा वास. व्हॅनिलाची शेंग त्या जिल्ह्यात कोणी पाहिलेली नव्हती, पण दुकानभर व्हॅनिला घमघमत होता.

"एकसारखा निंगते साहेब, रोज," गणपतभाऊ म्हणाले. "हात चांगला असो का नसो. बाईसारखी कटकट नाई."

मी खोका हातात घेतला. एका बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की यात परवानगी असलेला कृत्रिम रंग आहे. असे काही रंग कायद्यात बसतात. तेही कारखान्यातच होतात, पण त्यांना मर्यादा असते आणि ते लेबलवर सांगावं लागतं. लेबल बरोबर होतं. मी खोका खाली ठेवला. नमुना घेतला नाही. छापील कागदावर माझा पटकन विश्वास बसतो. तो माझा जुना दोष आहे.

तिथून मी बाजारात आलो.

शेवंताबाईंचं वय तेव्हा पन्नासच्या आसपास असेल. त्यांचे वडील जंगल खात्याच्या बंगल्यावर खानसामा होते. केक त्या वडिलांकडून शिकल्या. लोखंडी घमेल्यात वाळू तापवायची, वाळूत पिठाचा डबा बसवायचा, वर झाकण, झाकणावर निखारे. गावरान अंडी, लोणकढं तूप, जायफळ. केक कधी एका बाजूला फुगे, कधी मध्ये बसे. पण त्याला वास होता तो तुपाचा आणि जायफळाचा होता.

हे केक गावात खपायला सात-आठ वर्षं लागली होती. का, ते सांगायला नको. त्यांच्या हातचं आधी फक्त त्यांची वस्ती खाई. मग जंगल खात्याच्या लाकूड डेपोतले क्लार्क खाऊ लागले, मग दोन शिक्षिका घरी न्यायला लागल्या. त्या वर्षी आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांनी दर शनिवारी मुलांसाठी केक घ्यायचं ठरवलं. सगळ्या जातींच्या घरांत त्यांचा केक जायला लागून जेमतेम वर्ष झालं होतं. हे सगळं मला त्या दिवशी माहीत होतं. बाजारात शिरताना डेपोच्या क्लार्कनंच सांगितलं होतं, कौतुकानं.

मी ओळख दिली. शेवंताबाईंनी माझं नाव विचारलं, मग आडनाव. मग गाव.

"आरमोरीकडचे तुमी? माझं माहेर तिकडंच हाय." त्यांचा चेहरा उजळला. शेजारच्या मिरचीवालीला त्या म्हणाल्या, "पाय वो, आपला पोरगा साहेब झाला. आता मले कोन काय म्हन्ते पायते."

माणसं हसली. बहुतेकांचं हसणं साधं होतं. पण गणपतभाऊ माझ्यामागून चालत आले होते, तेही हसले.

"बरं झालं बाई," ते म्हणाले. "आता पास होऊनच जाईन तुहा केक."

पुढचं सगळं या वाक्यानंतर झालं. मला नमुना घेऊन, तीन भाग करून, लाख लावून सील करून लॅबला पाठवता आला असता. तेवढंच माझं काम होतं. बॅगेतली चाचणी फक्त आमच्या अंदाजासाठी असते. तिला कोर्टात किंमत नसते, म्हणून ती चारचौघांत करायची नाही असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं. मी मात्र बशी काढली, केकचा चुरा घेतला, अ‍ॅसिडची बाटली उघडली आणि लोकांना म्हणालो, "पुढे या, पाहा."

चाचणी साधी आहे. मेटॅनिल यलो हा पिवळा रंग कापडासाठी असतो, पोटासाठी नाही. त्यावर हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड पडलं की तो गुलाबी होतो. पण हळदही अ‍ॅसिडनं गुलाबी होते. म्हणून चाचणीची दुसरी पायरी असते. वरून पाणी घालायचं. हळद असेल तर गुलाबी रंग जातो, कापडाचा रंग असेल तर टिकतो. त्यासाठी बॅगेत दुसरी बाटली असते, डिस्टिल्ड वॉटरची.

ती बाटली त्या दिवशी बॅगेत होती. भरलेली होती. मी ती काढली नाही. विसरलो, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं.

"उरलेला माल विकू नका," मी म्हणालो. "रिपोर्ट येईपर्यंत."

"हळद हाय, भाऊ. चिमूटभर. बाबा टाकत होते, मी टाकून राह्यली."

"ते लॅब सांगेल."

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "मी तं आधीच म्हनत होतो, कोनाच्याबी हातचं खाऊ नये." त्याला कोणी गप्प केलं नाही. मीही नाही.

शेवंताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग ज्या तुकड्यातून मी चुरा घेतला होता, तो त्यांनी उचलला आणि खाल्ला. घाई न करता, सगळा. पदराला बोटं पुसली. परातीवर फडकं टाकलं आणि उठल्या. लॅबसाठी नमुना सील करून झाल्यावर पंचनाम्यावर अंगठा हवा होता, तो त्यांनी दिला.

मुख्याध्यापक जीपपर्यंत आले. "मुलांचा प्रश्न आहे साहेब. शनिवारचं काय करू?"

"रिपोर्ट येईपर्यंत थांबा."

"पोरं थांबत नाहीत हो. गणपतभाऊंकडून घेतो."

 

रिपोर्ट यायला दीड महिना लागला. एका ओळीचा होता. हळदीशिवाय दुसरा कोणताही रंग आढळला नाही, नमुना योग्य. मी तो घेऊन साहेबांकडे गेलो.

"झालं मग. फाइल बंद करा."

"सर, मी बाजारात सगळ्यांसमोर सांगितलं होतं, कापडाचा रंग म्हणून."

"केस केली का आपण?"

"नाही."

"दंड झाला का?"

"नाही."

"मग बाईचं काय नुकसान झालं?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हणालो, "काही नाही, सर." रिपोर्टची नक्कल रजिस्टर पोस्टानं पाठवून दिली. आरोप मी चाळीस माणसांपुढे केला होता, निर्दोष असल्याचं पाकिटात घालून कळवलं. तेही अशा बाईला, जिला वाचता येत नव्हतं.

त्यानंतर आलापल्लीचे तीन दौरे मी काही ना काही सांगून दुसऱ्याकडे ढकलले. चौथा टळला नाही. बाजारात शेवंताबाईंची जागा रिकामी होती. तिथे बांगडीवाला बसला होता. मी विचारत विचारत त्यांच्या घरी गेलो.

त्या अंगणात पीठ कालवत होत्या. वस्तीत कोणाच्या तरी मुलीचं लग्न होतं. मला पाहून त्यांनी खाट टाकायला सांगितली. पाणी दिलं. पत्र आल्याचं म्हणाल्या. शेजारच्या मुलीनं वाचून दाखवलं होतं.

"शाळेचं काम परत मिळालं का?"

"नाई. पोराईले आता त्या खोक्याची चव लागली म्हन्ते. याच्यात वास नाई येत म्हन्ते."

मी जीपमध्ये ठरवून आलो होतो ते बोललो. "बाई, माझी चूक झाली. पुढच्या बाजाराला मी पुन्हा येतो. सगळ्यांसमोर तीच चाचणी करतो, या वेळी पाणी घालून. रंग जातो ते लोकांना दाखवतो."

त्या पीठ कालवतच राहिल्या.

"काऊन दाखवता? लोकायले हळद माहीत नाई का? घरोघरी हाय. मी तवाच सांगतली होती. त्याईले जे पायजे होतं, ते दिसलं त्याईले."

मी पाण्याचा पेला उचलला.

"तुमाले काय पायजे होतं, भाऊ?"

त्या रागावून बोलल्या नाहीत. खरंच विचारलं. मी पेला तसाच हातात धरून बसलो. उत्तर मला त्या क्षणी अगदी स्पष्ट माहीत होतं. ते सांगितलं असतं तर निदान तेवढं तरी त्यांना दिल्यासारखं झालं असतं. 

शेवटी त्यांनीच विषय बदलला. कालवलेलं पीठ दाखवलं. "हे पाहा. सोडा जास्त झाला का हळद लाल पडते. मग मले समजते, हात चुकला. बाबा म्हनत, हळद चुगली करते. म्हनून टाकते. रंगासाठी नाई."

मी रसायनशास्त्राचा पदवीधर. सोडा किंवा चुना लागला की हळद लाल होते, हा प्रयोग मी कॉलेजात हळदीचा कागद करून स्वतःच्या हातानं केला होता, आणि जर्नलमध्ये सुबक आकृती काढून त्यावर सही घेतली होती. शेवंताबाई तोच प्रयोग तीस वर्षं रोज करत होत्या. खोक्याच्या पावडरीत हात चुकायची सोय नव्हती, म्हणून चूक सांगणाऱ्याचीही गरज नव्हती.

निघताना त्यांनी कागदात बांधून केक दिला. जीपमध्ये मी तो उघडला. एका बाजूनं जरा जास्त भाजला होता. मी सगळा खाल्ला.

मागच्या महिन्यात त्या गेल्या. पुण्यानुमोदनाला मी गेलो होतो. मागे, दाराजवळच्या सतरंजीवर बसलो. वंदना झाली, चार माणसं त्यांच्याविषयी बोलली. बाजाराची गोष्ट कोणी काढली नाही. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात जोडले आणि नको म्हणालो. बाहेर चहासोबत बेकरीचा केक वाटत होते. पिवळाधमक, एकसारख्या चौकोनी वड्यांचा. घरात आता त्या पद्धतीनं करणारं कोणी उरलेलं नाही.

निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखाली आठ-दहा नवे निरीक्षक तयार झाले. प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगत असे, अ‍ॅसिडनंतर पाणी, आणि रंग गेला की राहिला हे पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. चाचणी चारचौघांत करायची नाही. ते वहीत लिहून घेत. एकानं विचारलं होतं, "सर, पाणी घालायला कोणी विसरेल कसं?"

मी म्हणालो, "विसरत नाही कोणी."

त्यानं तेही वहीत लिहून घेतलं.