साडूभाऊंचे सोंडाळे

माणसांचे चेहरे विसरणारे आणि माशीचा चेहरा जन्मभर लक्षात ठेवणारे गृहस्थ साऱ्या कर्जत-खालापूर पट्ट्यात एकच आहेत, आणि ते माझे साडू आहेत. माझ्या धाकट्या भावाला ते दर भेटीत नव्याने नमस्कार करतात आणि ‘आपण कुठले?’ म्हणून विचारतात. पण भिसेगावातल्या त्यांच्या गॅलरीच्या कठड्यावर परवा बसलेला नाकतोडा आणि आज बसलेला नाकतोडा या दोन निराळ्या असामी आहेत, हे ते कोर्टात शपथेवर सांगतील. किड्यांविषयी बोलताना ते कायम आदरार्थी बोलतात. सकाळी फोन करावा तर दबक्या आवाजात उत्तर येतं, ‘नंतर बोलू. समोर बसलेत. तोंड धुतायत.’ पाहुणे आले असतील असं समजून मी फोन ठेवतो, आणि मग कळतं की तोंड धुणारी ती माशी होती.

रसायनीच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांचं सगळं आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात, नाहीतर सोसायटीच्या कमिटीत शिरतात. यांनी कॅमेऱ्याला एक जाडजूड भिंग जोडलं आणि मुंगीच्या मिशा मोजायला घेतल्या. हे खूळ कुठून आलं असं एकदा विचारलं, तर म्हणाले, ‘कारखान्यात रात्रपाळीला असायचो ना, तिथे दिव्यावर एक पाखरू येत नसे. तेव्हा मला वाटायचं, केवढी स्वच्छता आहे.’ एवढं बोलून ते पुन्हा भिंग पुसायला लागले. फ्लॅशचा उजेड किड्याच्या पाठीवर चकाकू नये म्हणून फ्लॅशवर काहीतरी पांढरं लावावं लागतं, त्यासाठी त्यांनी इडलीच्या पार्सलचे डबे जमवले होते. माझी मेव्हणी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती वैतागून म्हणायची, ‘हॉटेलात गेलं तरी हे बसून खात नाहीत. डबा मिळायला हवा ना.’ पावसाळ्यात संध्याकाळी ते गॅलरीत चादर बांधून मागे दिवा लावत, पतंग यावेत म्हणून. घरात एकही पांढरी चादर शिल्लक उरली नाही. ‘आमच्याकडे माणसं फुलाफुलांच्या चादरीवर झोपतात,’ ताई सांगायची, ‘पांढऱ्या चादरी व्हीआयपींसाठी.’

खालापूरला आमच्या नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. नवऱ्या मुलीच्या मामीच्या खांद्यावर, जरीच्या काठाला, एक हिरवा सोंडकिडा येऊन बसला. साडूंनी कॅमेरा काढला, गुडघ्यांवर बसले आणि मामींना म्हणाले, ‘अजिबात हलू नका. श्वास हळू घ्या.’ बाईंना वाटलं आपला फोटो निघतोय. त्यांनी मान किंचित कलती केली आणि मंगलाष्टकांनी लाजावं अशा गांभीर्याने उभ्या राहिल्या. मागे जेवणाची पंगत खोळंबली. ‘मला पाठवा हं,’ असं त्यांनी चारचौघांत सांगितलं. साडू शब्दाचे पक्के. त्यांनी रात्री पाठवला. फोनभर एक हिरवं मुंडकं, दोन काळे डोळे, खाली ओळ: ‘आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहे.’ त्या घराण्याशी आमचे संबंध अजून पूर्ववत झालेले नाहीत.

त्यांचं खरं घर मात्र फोनमधल्या एका ग्रुपमध्ये होतं. किड्यांचे जवळून फोटो काढणाऱ्या हौशी लोकांचा तो ग्रुप. चालवणारा पनवेलचा एक दंतवैद्य. लोक फोटो टाकत, बाकीचे अंगठे दाखवत. साडू अंगठा दाखवत नसत, लिहीत. नवख्याने धुरकट फोटो टाकला तरी लिहीत, ‘डोळा हुकला आहे, पण पायांची ठेवण सुरेख.’ माणसं त्यांच्या त्या एका ओळीसाठी फोटो टाकत. एका बाबतीत मात्र ते चिक्कू होते. ‘कुठे मिळाला सर?’ असं कुणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: ‘त्यांच्या घरी.’ जागा कळली की गर्दी होते आणि गर्दी झाली की किडा उरत नाही, हे त्यांचं एकमेव अध्यात्म.

इथवरच्या गोष्टी मी लग्नकार्यात बऱ्याचदा सांगितल्या आहेत आणि लोक हसले आहेत. पुढची कधी सांगितलेली नाही. मी मुळात कमी बोलणारा. खालापूरला कचेऱ्यांसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या कागदांच्या प्रती काढतो, आणि गिऱ्हाईकही माझ्याकडून बोलण्याची अपेक्षा करत नाही. मला या नादाला साडूंनीच लावलं. जुना कॅमेरा दिला, ग्रुपमध्ये घेतलं. माझ्या फोटोंना मोजके अंगठे मिळत, आणि खाली साडूंची ओळ. ती दया आहे असं मला वाटायला लागलं. सासूबाई आयुष्यभर आम्हा दोघांची तुलना करत आल्या होत्या. आता तीच तुलना अनोळखी माणसं करतायत असं वाटे. कुणीही करत नव्हतं. मीच करत होतो.

एका श्रावणात साडू मला डोंगराच्या पायथ्याशी एका ठाकूरवाडीत घेऊन गेले. वाडीच्या टोकाला, नाचणीच्या बांधावर, काकडाचं एक झाड होतं. खोडावर बोटभर लांबीचे, पुढे सोंडेसारखं नाक काढलेले किडे ओळीने बसले होते, जणू कुणीतरी चितारून ठेवलेले. इंग्रजीत त्यांना कंदिलाचं नाव आहे. साडू त्यांना सोंडाळे म्हणत. ‘दर साली याच झाडावर येतात,’ ते कुजबुजले, ‘शेजारचं झाडही चालत नाही. तुमच्या ताईलासुद्धा आणलेलं नाही मी इथे.’ बांधावरच्या घरातली बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. ‘आलाव का बाबा? तुमचं पावनं परवाच आल्याती.’ साडू हसले. त्या बाईंचा चेहरा मात्र त्यांना ओळखता येत होता, हे मी पाहिलं.

साडूंनी सोंडाळ्यांचा एक फोटो ग्रुपवर टाकला. मागे धूसर डोंगर, जांभळट आभाळ. ग्रुप वेडा झाला. माझा फोटो हलला होता, मी टाकला नाही. दुसऱ्या दिवशी दंतवैद्याचा मला खासगी निरोप आला: ‘सर, तुम्हीही होतात म्हणे सोबत. तुमची नजर फार वेगळी आहे, मी नेहमी म्हणतो. जागा कुठली ती?’ मला आजवर कुणी सर म्हटलं नव्हतं. दुकानात लोक ‘ओ झेरॉक्स’ म्हणून हाक मारतात. मी नकाशावरची खूण पाठवली. ‘कुणाला सांगू नका,’ असंही लिहिलं. ‘अर्थात,’ त्याचं उत्तर आलं.

पुढच्या रविवारी वाडीच्या रस्त्यावर गाड्या लागल्या. त्याच्या पुढच्या रविवारी आणखी. माणसं नाचणीत उभी राहिली, आडवी झाली, तिपाया रोवल्या. कुणी झाडावर पाणी फवारलं, थेंबांसकट फोटो यावा म्हणून. कुणी किडा नीट दिसावा म्हणून फांद्या मोडल्या. एकाने म्हणे जाळीच आणली होती. फोटो मात्र ग्रुपवर धडाधड पडू लागले, आणि ते पाहून साडू मला घेऊन पळतच वाडीवर गेले.

झाड तोडलेलं होतं. बाई बुंध्यावर बसून शेंगा सोलत होती. साडूंना पाहून उठली नाही.

‘आमी तुमाला एकल्याला येऊ देत व्हतो का नाय?’ ती म्हणाली. ‘तुमी तर बाजार भरवलाव. नाचणी पार तुडवली. बोलाया गेलो तर म्हंतात, मावशी जरा बाजूला सरक, उजेड अडतो. म्हनून मालकानं कुऱ्हाड घेतली. आता या म्हनावं.’

‘मी कुणाला सांगितलं नव्हतं हो,’ साडू म्हणाले.

‘मंग कोनी सांगितलं? किड्यांनी?’

मी साडूंच्या शेजारी उभा होतो. बुटांना लागलेला चिखल बघत होतो.

परतताना साडू फोनवर सोंडाळ्यांचा तो फोटो उघडून म्हणाले, ‘हा बघा, साडूभाऊ. मागे डोंगराची खाच दिसते. इथल्या माणसाला लगेच कळणार. माझंच चुकलं.’ त्याच दिवशी त्यांनी ग्रुपवर माफी लिहिली: माझ्या फोटोतल्या पार्श्वभूमीमुळे जागा उघड झाली, एक झाड गेलं, सर्वांनी काळजी घ्यावी. त्याखाली दंतवैद्याने लिहिलं, ‘चूक कबूल करायला मोठं मन लागतं सर. सगळ्यांनी यातून शिकू या.’ मी खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. माझ्या उभ्या आयुष्यात मी केलेली सगळ्यात नीच गोष्ट कुठली असं कुणी विचारलं, तर ती खूण नव्हे. ते जोडलेले हात.

तेव्हापासून साडूंनी मोडक्या छत्रीचं काळं कापड कापून घेतलं आणि प्रत्येक किड्यामागे ते धरू लागले. पार्श्वभूमीच नको. ग्रुपला ते भलतंच आवडलं. ‘काय ब्लॅक आहे सर,’ लोक लिहीत. महिन्याचा उत्तम फोटो म्हणून दंतवैद्य त्यांनाच निवडू लागला. डोंगराकडे जाणं त्यांनी सोडलं. बाथरूममधल्या चिलटांचे, कुंडीतल्या मुंग्यांचे फोटो काढत. लिहिणंही आटत गेलं. ताई माझ्या बायकोला सांगायची, ‘हल्ली पांढऱ्या चादरी धुऊन कपाटात पडून आहेत गं. मला नाही बघवत.’

यंदा दिवाळीच्या फराळाला आम्ही भिसेगावला गेलो. बायको आत होती. साडू मला संगणकावर वर्षभराचे फोटो दाखवत होते, सगळे काळ्यावर. मध्येच थांबून म्हणाले, ‘गंमत बघा. पूर्वी फोटो पाहिला की जागा आठवायची. वारा, वास, सगळं. आता आठवतच नाही. हे सगळे एकाच खोलीत राहतात असं वाटतं.’

मला ते ऐकवेना. मी म्हणालो, ‘साडूभाऊ, तुमच्या फोटोमुळे झालं नाही ते. पनवेलच्या डॉक्टरांना जागा मी कळवली होती.’

ते वळले, जुने फोटो उघडले, सोंडाळ्यांचा तो फोटो काढून डोंगराची खाच मोठी करून पाहिली, आणि मला वाटलं होतं त्यातलं काहीच न होता त्यांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे यातून कळलं नव्हतं,’ ते म्हणाले. ‘अगं, ऐकलंस का? इकडे ये. माझ्या फोटोनं नव्हतं झालं ते.’

ताई चकल्यांचं ताट घेऊन आली. ‘मग कशानं झालं?’

साडू थांबले. मला वाचवायला म्हणून थांबले, की तेव्हाच त्यांच्या ध्यानात आलं, ते मला आजही सांगता येणार नाही. ‘माझ्यामुळे,’ मी म्हणालो. ताईने ताट टेबलावर ठेवलं. माझ्याकडे सरकवलं नाही.

‘त्या बाई बोलत होत्या तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात,’ साडू हळूच म्हणाले.

‘हो.’

‘बरं.’ एवढंच. नंतर आम्हाला सोडायला ते नेहमीसारखे फाटकापर्यंत आले, माझ्या बायकोशी बोलले, माझ्याशीही गाडीबद्दल काहीबाही बोलले. त्यांनी आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी एकटाच वाडीवर जाऊन आलो. बाईंना सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘मंग मी काय करू आता? च्या ठेवू तुला?’ मी निघालो तशी मागून म्हणाली, ‘त्या बाबाला सांग, यायचं तर ये म्हनावं. झाड नाय, पन पानी हाय.’ हा निरोप मी ताईकरवी पोचवला. साडूंचा फोन हल्ली मला येत नाही, आणि माझा त्यांना करवत नाही.

ते वाडीवर गेले का, हे कुणी बोललं नाही. पण परवा ग्रुपवर त्यांचा एक फोटो आला. गवताच्या पात्यावर कसलासा लाल किडा, काळं कापड नाही. मागे ओलसर हिरवं, त्याच्याही मागे करडी रेघ, डोंगराची असेल किंवा ढगाची. दंतवैद्याचा मला लगोलग निरोप आला: ‘सर, कुठलं हो हे?’

मी बराच वेळ तो फोटो मोठा करून पाहिला. या पायथ्याने अशी शंभर जागी गवतं आहेत. मग लिहिलं, ‘मला ठाऊक नाही.’ ते खरं होतं. आता साडू मला कुठलीच जागा सांगत नाहीत.