सुमनक्काचे पंधरा टोल

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. आणि रूथ, तू मध्ये बोलू नकोस, तू तर तिथंच होतीस. चहा हातात घ्या सगळ्यांनी. फजिती मोठी आहे, कप रिकामा होईपर्यंत पुरेल.

तर पहिली गोष्ट म्हणजे मी भित्री आहे. म्हणजे किती? कुकरची शिट्टी होणार हे मला माहीत असतं, मी कुकरकडेच बघत उभी असते, तरी शिट्टी झाली की दचकते. लातूरला आमचं भुसारचं दुकान आहे. तिथं हमालानं पोतं जरा जोरात टाकलं की मी जागच्या जागी उडते, आणि अण्णा गिऱ्हाइकाला शांतपणे म्हणतात, "काही नाही, आमची गौरी आहे."

अशा मुलीला कुणी माणसं सांभाळायला न्यावं का? पण रूथनं नेलं! रूथ माझी नांदेडच्या होस्टेलमधली रूममेट. तिच्या चर्चची मंडळी दिवाळीच्या सुट्टीत तीन दिवसांचं शिबिर घेतात. बौद्धिक दिव्यांग असलेल्या मोठ्या माणसांसाठी. किनवटच्या अलीकडं रानात एक निवासी शाळा आहे, सुट्टीत तिचं वसतिगृह रिकामं असतं, तिथं. शिबिराला येणारा तो 'पाहुणा', आणि त्याच्याबरोबर राहणारा तो 'सोबती'. एका पाहुण्याला एक सोबती. नियम एकच, पण पाळकसाहेबांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, तो तीनदा सांगितला, "पाहुणा नजरेआड होता कामा नये."

झालं! पहिल्यांदा सांगितला तेव्हाच मी रूथचा हात घट्ट धरला होता.

माझी पाहुणी म्हणजे सुमनक्का. उमरीची. वय पंचेचाळिशीच्या पुढं, उंची माझ्या खांद्याएवढी, आवाज मात्र माझ्या चौपट. अकरा वर्षं शिबिराला येत होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"नवी हायस का?"

"हो, अक्का."

"भ्याचं न्हाई. मी हाय."

मला इतकं गोड वाटलं म्हणून सांगू! मी रूथला डोळ्यांनी खुणावलं, बघ गं, किती निरागस. हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

आता टोलाची गोष्ट. त्या शाळेत घंटा नाही. लिंबाच्या झाडाला रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय, तो वाजवायचा. शिबिरात जेवणाला, प्रार्थनेला, सगळ्याला शिट्टी. रुळाला तीन दिवस कुणी हात लावत नाही. तो फक्त शेवटच्या दिवशी चार वाजता वाजतो, निरोपाच्या उपासनेआधी. एका पाहुण्याच्या नावाचा एक टोल. नाव घ्यायचं, टोल द्यायचा, मग तो पाहुणा ऐटीत चालत येऊन पुढच्या रांगेत बसणार. पंधरा पाहुणे, पंधरा टोल. आणि हा मान दर वर्षी एकाच पाहुण्याला मिळतो.

यंदा सुमनक्काला मिळाला होता. अकरा वर्षांनी!

गेल्या वर्षी तिचं नाव ठरलं, तेव्हापासून ती घरी ताटावर पळी मारून सराव करत होती. तिचा भाऊ तिला सोडायला आला तेव्हा हात जोडून म्हणाला, "ताई, एकदाचा टोल होऊ द्या. वर्षभर घरात एक ताट सरळ राहिलं न्हाई." रूळ वाजवायचा जाडजूड लोखंडी बोल्ट अक्कानं पहिल्याच दिवशी ताब्यात घेतला आणि उशीखाली ठेवला. पंधरा नावं तिला पाठ. आंघोळीला जाता-येता ऐकवायची. "पयला सॅम्युएलचा. म्हातारा हाय, त्याला यायला टाइम लागतो."

माझी तऱ्हा काय विचारता! मी तिच्या मागं सावलीसारखी. ती हसली की मी हसायचे, ती उठली की मी उठायचे. दुपारी सगळ्यांनी तासभर पडायचं असायचं, तेव्हा माझा जीव टांगणीला. मला झोप लागली आणि ही उठून गेली तर? म्हणून मी एक युक्ती काढली. तिच्या पदराला माझ्या ओढणीचं टोक बांधायचं! ती उठली की मला ओढ बसणार. दोन दुपारी युक्ती चालली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

तिसरी दुपार. शेवटची. सगळे आपापल्या खोल्यांत पडलेले. मी गाठ मारली आणि तीन दिवसांच्या काळजीनं दमलेली मी अशी झोपले, अशी झोपले, की काय सांगू.

जाग आली तेव्हा अक्काची खाट रिकामी!

मी ताडकन उठले, तर मानेला असा झटका बसला की पुन्हा खाटेवर आदळले. पुन्हा उठले, तर माझ्यामागं लोखंडी खाट फरफटत आली, कर्रर्र करत. बघते तर ओढणीचं टोक खाटेच्या पायाला बांधलेलं. दुहेरी गाठ!

आता कुणीही शहाणी मुलगी काय विचार करेल? ही गाठ बांधली कुणी आणि का, हा. मी तो केलाच नाही. ओढणी तिथंच टाकली आणि पळाले.

न्हाणीघरात नाही. झोपाळ्यावर नाही. विहिरीकडं गेले. विहिरीवर जाळी आहे, तिला कुलूप आहे, तरी मी जाळीतून आत बघून "अक्का?" म्हणाले. मग स्वयंपाकघर. तिथं चाचा शिऱ्याची कढई घासत होते. नांदेडचे आचारी, शिबिराला दर वर्षी येणारे.

"चाचा, अक्का दिसली का? लाल साडी!"

चाचांनी वरही बघितलं नाही. "लाल साडी? हौ, देखा ना. अब्बीच गई फाटक के बाहर. सडक की तरफ."

सडक! तिथून ट्रक जातात. पलीकडं रान. आणि तासाभरात तिचा भाऊ येणार. त्याला काय सांगू, तुमची बहीण पदराला बांधली होती, तरी हरवली?

मी ओरडायला गेले. आवाजच फुटेना! घाबरले की माझा आवाज बसतो, नुसता 'क्यूं' असा काहीतरी निघतो. सगळ्यांना गोळा तर करायलाच हवं होतं. आणि समोर लिंबाला तो रूळ टांगलेला.

हो. तेच केलं मी.

चाचांच्या पुढ्यातलं मोठं उलथणं उचललं, "अरे, मेरा उलथना!" असं ते ओरडेपर्यंत झाडाखाली पोचले आणि रूळ बडवायला लागले. ठण ठण ठण ठण! किती टोल? मोजायला शुद्ध कुणाला होती?

मला वाटलं, लोक धावत येतील आणि चारी दिशांना शोधायला पांगतील. लोक आले खरे, पण नटूनथटून! टोल म्हणजे निरोपाची उपासना, हे अकरा वर्षं ठरलेलं. एकाच्या शर्टाची बटणं वरखाली, दुसऱ्याच्या तोंडावर अर्धीच पावडर, ढोलकीवाला ढोलकी कडेवर घेऊन पळतोय. पाळकसाहेब तर एका पायात चप्पल घालून आले आणि घड्याळ बघत म्हणाले, "चार वाजले? माझ्यात तर साडेतीन झालेत." आणि इतक्यात ढोलकीवाल्यानं भजन सुरूच केलं!

"थांबा! अक्का..." मी. म्हणजे, "क्यूं."

"काय म्हणतीये गं?" रूथ.

तेवढ्यात सॅम्युएलकाका काठी टेकत पुढं आले. सगळ्यात ज्येष्ठ पाहुणे. रुळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"यातला माझा कोणता?"

"काका, ते..."

"माझं नाव आलंच न्हाई. मी बसू कुठं?"

"माझंबी न्हाई आलं!" मागून दुसरा. "माझंबी!" तिसरी. चौदा माणसं मला जाब विचारायला लागली आणि बरोबर त्याच वेळी फाटकातून सुमनक्काचा भाऊ आत आला. बहिणीचा टोल ऐकायचा म्हणून बिचारा लवकर निघाला होता.

"झाला का टोल? आमची सुमन कुठंय?"

इथं माझा आवाज परत आला. नको तेव्हा, नको तेवढा.

"हरवली!"

भजन थांबलं. भावाच्या हातातली पिशवी खाली पडली. त्याच्या मागं एक लाल साडीवाली बाई चरवी घेऊन आत येत होती, ती रस्त्यापलीकडची दूधवाली होती, हे मला तेव्हा कळलं. चाचा म्हणाले, "यही तो मैं बोला!"

आणि मग मागून, चौपट आवाजात:

"कोण बडवून राहिलं माझा टोल?"

सगळे वळले. पाळकीणबाईंच्या खोलीच्या दारात सुमनक्का उभी. अंगावर सकाळीच नेसलेली कोरी लाल साडी, केसांची एक वेणी घातलेली, दुसरी बाजू मोकळी, हातात बोल्ट. मागं कंगवा घेऊन पाळकीणबाई. टोल द्यायचा म्हणून अक्का केस विंचरून घ्यायला गेली होती. वीस पावलांवर!

ती झाडाखाली आली. माझ्या हातातलं उलथणं बघितलं. झाडाला टांगलेला रूळ अजून हलत होता.

"वाजला?" तिनं विचारलं.

"वाजला, अक्का."

"मी न्हाई वाजवला."

रागावली असती तर बरं झालं असतं. ती तिथंच खाली बसली, बोल्ट मांडीवर ठेवला आणि साडीच्या टोकानं पुसायला लागली. खरं सांगते, अण्णांच्या दुकानातली सगळी पोती एकदम माझ्या डोक्यावर पडली असती तरी इतकं वाईट वाटलं नसतं. मी तिच्यापुढं बसले. "चुकले, अक्का. मला वाटलं तू हरवलीस. मी भ्याले." पुढचं रडण्यातच गेलं.

मग सॅम्युएलकाकांनी काठी आपटली.

"हा टोल न्हाईच. नाव न घेता टोल अस्तो का?"

"न्हाईच!" सगळे पाहुणे. "परत! परत!"

पाळकसाहेबांनी एकदा घड्याळाकडं, एकदा आपल्या एका चपलेकडं बघितलं. "बरोबर आहे. चार वाजायचेत अजून. सगळ्यांनी आपापल्या खोलीत जा, आणि टोल ऐकला की या."

आणि गेले की हो सगळे! आताच काही झालंच नाही अशा थाटात. सुमनक्का उठली, पण झाडाजवळ जायच्या आधी तिनं रूथला हुकूम सोडला.

"हिची ओढणी आण."

रूथनं आणली. अक्कानं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं, दुसरं लिंबाच्या खालच्या फांदीला. दुहेरी गाठ.

"मघाशी खाटेला बांधून गेल्ते," ती भावाला सांगत होती. "लई भित्री पोरगी हाय. झोपेतून उठून कुठं जाईल, म्हून बांधली. तरी सुटली बघ!"

आता कळलं तुम्हाला? तीन दिवस मी तिला सांभाळत होते ना? तिच्या हिशेबानं तीन दिवस ती मला सांभाळत होती. 'भ्याचं न्हाई, मी हाय' हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!

चार वाजले. "सॅम्युएल!" ठण. काका फार सावकाश आले, पण अक्कानं दुसरं नाव घेण्याची घाई केली नाही. एकेक नाव, एकेक टोल. पंधरावा तिचा स्वतःचा, "सुमन!" तो इतका दणदणीत की मी दचकून फांदीला लोंबले. तिचा भाऊ टाळ्या वाजवत रडत होता.

संपलं, असं वाटून ढोलकीवाल्यानं हात उचलला. अक्कानं बोल्ट दाखवून त्याला थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"गवरी." अगदी हळू, ठ...ण.

"सुमन, पाहुणे पंधरा आहेत," पाळकसाहेब म्हणाले.

"सोळा. हिचा हळू मारला, दचकती ती."

पुढच्या रांगेत बसायला गेले मी. गाठ सोडवून घ्यावी लागली, तेवढं सांगायचं राहिलं.

आणि तुम्हाला वाटेल इथं संपलं. आम्ही परतीच्या बसमध्ये चढताना अक्कानं माझ्या ओढणीचं टोक रूथच्या पर्सच्या पट्ट्याला बांधलं. "नांदेड येस्तोर सोडायचं न्हाई," असं रूथला बजावलं. रूथनं सोडलं नाही. मी गपचूप सोडवायला बघितलं, नखं लावली, दात लावले, गाठ सुटेना. नांदेड आलं, स्टँड आलं, रिक्षा केली, होस्टेल आलं.

शेवटी मेसच्या मावशींनी कात्री आणली.