आप्पांच्या बोटांखालचा रुपया

तुम्ही हात जोडून नमस्कार केलात, की निपाणीचे आप्पा आधी तळव्यांत काही लपवलंय का ते पाहायचे आणि मगच आपले हात जोडायचे. ते तंबाखूचे दलाल, मी शेजारचा अडत्या. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. उपरण्याखाली हात घालायचा, बोटं दाबायची, सौदा पक्का! त्यामुळे आप्पांचा सगळा जीव बोटांत. "डोळा भुलतोय रं. बोट भुलत न्हाय," असं म्हणायचे.

आणि या माणसाचा छंद कोणता, तर चुकलेल्या नाण्यांचा! टांकसाळीतच बिघडलेलं नाणं मिळालं की आप्पा वाटेल ती किंमत द्यायचे. हे कळल्यावर निम्मी निपाणी नाणी बिघडवायला बसली. कुणी हातोडी मारली, कुणी भट्टीत तापवलं. आप्पा नाणं उपरण्याखाली चाचपत आणि निकाल देत, "टांकसाळीची चूक जन्माची असती. ही तुझ्या घरची हाय. ऊठ!"

एकदा वडगावचे दाजी आले. आप्पांच्या धाकट्या बहिणीचे, तानीचे, यजमान. हातमागावरचा साधा माणूस. मेव्हण्याला भेट म्हणून देव्हाऱ्यातला रुपया घेऊन आले होते. एका बाजूला राजाचं मुंडकं वर आलेलं, दुसऱ्या बाजूला तेच मुंडकं उलटं, आत गेलेलं. आधीचं नाणं साच्यात अडकून राहिलं, की पुढच्यावर असा ठसा उमटतो. पण दोन रुपये एकावर एक ठेवून लोहाराच्या पकडीत आवळले, तरी असंच दिसतं. फक्त वरचं मुंडकं चेपतं.

आप्पांनी उपरण्याखाली बोट फिरवलं. राजाचं नाक सपाट!

"दाजी, आवळलाय ह्यो. घरच्यांस्नीबी फशिवता व्हय?"

दाजी रुपया उचलून पाणीही न पिता उठले. त्या दिवाळीला तानी भाऊबीजेला आली नाही. पुढच्याही नाही. "लबाडाची बायको, कशाला येतीया!" आप्पा चारचौघांत म्हणायचे. पण त्या दिवशी ते जेवत नसत, हे वहिनींनी मला सांगितलं.

मग एका दसऱ्याला वहिनी देवाची चांदी चिंच आणि राखेनं घासत बसल्या होत्या. आप्पांनी सवयीनं पूजेतला रुपया उचलला, बोट फिरवलं आणि ओरडले, "ह्याला कुणी आवळलं?"

"कुणी न्हाय. दर सणाला घासतोय न्हवं? नाक ऱ्हाईल व्हय त्याचं?"

आप्पांनी रुपया खाली ठेवला. जन्मात पहिल्यांदा ते स्वतःच्या बोटाकडे संशयानं पाहत होते.

भाऊबीजेला मला ओढत वडगावला नेलं. दाजींनी तोच रुपया पुढे सरकवला. या खेपेला आप्पांनी तो उन्हात धरला. वरचं नाक झिजलेलं. पण आत गेलेल्या मुंडक्याचा केस न् केस शाबूत. चिंच तिथवर पोचलीच नव्हती! आवळलेल्या नाण्यावर मागच्या बाजूची मूळची अक्षरं कुठंतरी उरतातच. इथं एकही नव्हतं.

"अस्सल हाय दाजी," आप्पा खाली मान घालून म्हणाले. "जन्माची चूक टांकसाळीची. नंतरची माझी."

तानीनं पाट मांडला, ओवाळलं. आप्पांनी ताटात नवाकोरा रुपया टाकला. तिनं तो उचलून फरशीवर वाजवला. आवाज खणखणीत आला. तरी समाधान नाही! पदराखाली नेऊन सावकाश बोट फिरवलं.

"नाक हाय," ती म्हणाली.

दाजींना हसू फुटलं. आप्पांनी डोळे पुसले आणि छाती फुगवून माझ्याकडे वळले, "बघितलंस? माझीच भैन!"