तिघांचा डाव

क्लबात दुपारी नानांनी पत्त्यांच्या कॅटमधून किलवरची दुर्री काढली आणि खिडकीत उपडी ठेवली. "तिघांना सारखी पानं यायला हवीत ना," ते म्हणाले. आमची चौथी खेळाडू गेली, तर या जुन्या इंग्रजी खेळाला एवढीच तडजोड पुरते. कुसुमताईंचं तेरावं परवाच झालं.

खेळ उलटा आहे. हात करील तो फसतो. जिंकलेल्या हातातला प्रत्येक बदाम एका गुणाने महाग पडतो आणि इस्पिकची राणी तेरा गुणांनी. म्हणून डावाआधी नकोशी तीन पानं उजवीकडच्याला द्यायची असतात. आपलं ओझं शेजाऱ्याच्या हातात ठेवायची ही सोय माणसाने किती हौसेने शोधली असेल!

कुसुमताईंच्या उजवीकडे वर्षानुवर्षं मी बसायचो. त्या सारख्या हरायच्या.

"ताई, तुम्हाला हा खेळ कधी कळणार?" मी हसायचो.

"असू दे हो," त्या म्हणायच्या.

आज त्यांच्या जागी नाना बसले. त्यांनी सरकवलेली तीन पानं मी उचलली. त्यांत इस्पिकची राणी होती. नानांचं काहीच चुकलं नाही. पण इतक्या वर्षांत कुसुमताईंकडून ती मला एकदाही आली नव्हती.