चिकाचं दूध

आमच्या मारवाडी घरात बाळाला पहिली घुटी आत्यानं चाटवायची. जिच्या हातची घुटी, तिचा स्वभाव बाळाला लागतो म्हणे. धाकट्या भावाला मुलगी झाली तेव्हा हा मान माझा होता, आणि मी तो सोडणाऱ्यातली नव्हते.

सिझेरियननंतर वहिनी तापानं फणफणली होती. आधी आईचंच दूध द्या, असं नर्सनं बजावलं. मी मान डोलावली आणि तिची पाठ वळताच मध-गुळाच्या घुटीचं बोट बाळाच्या तोंडात दिलं. पहिलं पिवळं, चिकाचं दूध बाळाला जड जातं, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. तीन दिवस वहिनीचं दूध वाटीत काढलं, बाळाला पाजते म्हणून बाहेर नेलं आणि मोरीत ओतलं; बाळाला मध-गुळाचं पाणीच चाटवत राहिले. काय तो माझा शहाणपणा!

चौथ्या दिवशी बाळाला जुलाब लागले. घनसावंगीच्या दवाखान्यातून जालन्याला हलवलं, आठवडाभर अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालली. पोर वाचली. मी आमच्या तीर्थपुरी गावभर पेढे वाटले.

आता ती सहा वर्षांची आहे. माझ्यासारखीच हट्टी आणि तोंडाळ. पण कोपराच्या खाचा खाजवून रक्ताळलेल्या असतात, शेंगदाणा खाल्ला की ओठ सुजतात, कापूस वेचणीच्या दिवसांत छातीतून शिट्टी वाजते. तिचा एक श्वास संपला की दुसरा येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी समजावलं. जन्मानंतरच्या दिवसांत बाळाच्या पोटात चांगले जंतू वस्तीला येतात, चिकाचं दूध त्यांना पोसतं. ती वस्ती विस्कटली तर पुढं दमा, अ‍ॅलर्जी जडण्याचा धोका वाढू शकतो. हिला त्यामुळंच झालं, असं छातीठोक सांगता येणार नाही, असंही ते म्हणाले. त्या एका वाक्याला मी किती दिवस धरून बसले.

वहिनीला आता पुन्हा आठवा महिना चालू आहे. परवा पोरीला मांडीवर घेऊन ती मशीनची वाफ देत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ताई, तवा तुम्ही हिला वाटीनं पाजत होत्या ना?"

हो म्हणणं सोपं होतं. पण हो म्हटलं असतं तर नव्या बाळाची वाटीही माझ्याच हातात आली असती. मला माझीच भीती वाटली.

"न्हाई," मी म्हणाले. "मोरीत ओतत होते. तिन्ही दिवस."

तिनं पोरीच्या तोंडावरचा मास्क सरळ केला.

"या बारीला दवाखान्यात येऊ नका, ताई. आन् हिला बी तुमच्यापाशी ठेवणार न्हाई."

पोरगी माझ्याकडं यायला मांडीवरून उतरू लागली. वहिनीनं तिचा दंड घट्ट धरला.