गच्चीवरची होडी

एखादी गोष्ट न करण्यासाठी आमच्या वन्संइतके कष्ट घेणारं माणूस गंगापूर धरणापासून मनमाड स्टेशनापर्यंत दुसरं सापडायचं नाही. वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. लग्न केलं नाही, ओझरच्या विमान कारखान्यात ड्रॉइंग काढायची नोकरी केली, आणि राहतात आमच्याच वरच्या खोलीत. साधा पोळपाट घ्यायचा तरी आधी त्याची तीन बाजूंनी चित्रं होतात. पोळपाटाचा निर्णय व्हायला दोन वर्षं गेली; तोवर मी भद्रकालीच्या बाजारातून एक आणून तो झिजवलाही.

एकोणीसशे नव्वदच्या सुमारास कारखान्याच्या लायब्ररीतल्या मासिकात त्यांनी चिनी शिडाची होडी पाहिली. शिडाला आडव्या बांबूच्या पट्ट्या. दोरी सोडली की खिडकीवरच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्यासारखं घड्या होऊन खाली बसतं. "एकट्या बाईला आवरतं, वहिनी," त्या म्हणाल्या. तशी होडी मुद्दाम बांधून घ्यावी की नाही, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या पंगतीला बसतो. कागदावर अंदाज येईना, म्हणून त्यांनी गच्चीवर गेरूनं खऱ्या मापाची होडी काढली, आणि दर पावसाळ्यानंतर त्या रेषा पुन्हा गिरवत. मी पापड वाळत घालायला गेले, तर म्हणाल्या, "आत घाला, पण चपला बाहेर काढा. आणि डोलकाठीपाशी नको." खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं पुजतात, वन्सं होडीच्या नाकाशी झेंडू ठेवत. रोज संध्याकाळी चहा घेऊन त्या रेषांच्या आत पाय पसरून बसत, आणि वाळत घातलेल्या साड्यांवरून वाऱ्याची दिशा ठरवत. साड्या माझ्या, वारा त्यांचा. खरं सांगते, मी जळायचे. मिक्सर, पाण्याची टाकी, मुलाचं कॉलेज, सगळे निर्णय मी उभ्या उभ्या घेतले; त्यातल्या एकातही पाय पसरून बसता येत नव्हतं.

वन्सं ज्याच्याकडे वरचेवर होडीची चौकशी करत, तो सातपूरचा फायबरवाला कारागीर दहाएक वर्षांनी वैतागला. "बाई, साचा करायचा तर हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. माझ्या पोरीचं लग्न झालं एवढ्या काळात!" वन्सं त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आल्या.

"वहिनी, होडी दोघींची आहे. तुम्ही याल?"

मी कणीक मळत होते. "मला पोहता येत नाही. आणि मागे घर कोण बघणार?"

"बरं," एवढंच म्हणाल्या. सकाळी गच्चीवर बघते, तर मागची बसायची फळी पुसलेली. होडी एकटीची झाली होती, आणि कारागिराला निरोप गेला होता, मापं बदललीत, थांबा.

पुढे गच्ची गळायला लागली. मी वॉटरप्रूफिंग करून घेतलं, एका दिवसात ठरवून. होडी गेली. वन्सं भांडल्या नाहीत. फक्त चहा खोलीतच घेऊ लागल्या. जिच्यावर इतकी वर्षं जळले ती जागाच मी पुसून टाकली होती. पंधरा दिवस सोसलं, मग एका दुपारी गेरू भिजवला आणि आठवेल तशी होडी काढली. दोघींची.

संध्याकाळी मी हाक मारली, तशा त्या चहाचा कप घेऊनच वर आल्या. भोवती एक फेरी मारली, वाकून वीत लावली.

"मागच्या फळीपुढे चार बोटं जागा कमी पडलीय."

"मग?"

"मग काय, तुमचे गुडघे दुखतील."

मी खाली जाऊन फळी पुसायला फडकं आणि दुसरा कप घेऊन आले. सातपूरला कळवायचं अजून राहिलंय. आधी ती चार बोटं जमू देत.